'बेस्ट ऑफ' घेताना कव्हरची मागची बाजू आधी वाचा

सांगली-मिरजेत आणि साताऱ्याकडे जुनी गाणी नव्यानं ऐकायला लागलेली बरीच तरुण मंडळी भेटतात. कुणी आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतलाय, कुणाला वडिलांच्या साठीला गाण्यांचा संच द्यायचाय, कुणी नुसतंच मोबाइलवर ऐकतंय. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: सुरुवात 'बेस्ट ऑफ'पासून करू का?

जरूर करा. दर्दी मंडळींत संग्रहाला नाक मुरडायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. ज्यानं एखाद्या कलावंताचं काहीच ऐकलेलं नाही, त्याला बारा-पंधरा नीट निवडलेली गाणी हातात देणं हे मोलाचं काम आहे. पण वाईट संग्रह हातात पडला, तर ऐकणाऱ्याला वाटतं की या माणसाकडे एवढंच होतं, आणि तो पुन्हा तिकडे फिरकत नाही. हे होऊ नये म्हणून ही पद्धत लिहून देतो आहे. तिचा गाभा असा: संग्रह गाण्यांबद्दल तुम्हाला किती खरं आणि किती पूर्ण सांगतो, ते आधी तपासा. गाण्यांची यादी त्यानंतर.

सोबत काय लागेल

- तुम्हाला त्या कलावंताची आधीपासून माहीत असलेली चार-पाच गाणी, कागदावर लिहून
- मोबाइल: टॉर्चसाठी आणि मूळ गाणं तिथल्या तिथं ऐकून बघायला
- वायरचे साधे इअरफोन (दुकानातल्या गोंगाटात मोबाइलच्या स्पीकरवर फरक कळत नाही)
- जुन्या रेकॉर्ड बघणार असाल तर मऊ कोरडं कापड
- वही. कुठल्या संग्रहात काय होतं ते दोन ओळींत टिपून ठेवा, नाहीतर तीच सात गाणी वेगवेगळ्या कव्हरांत तीनदा घरी येतात

१. कोणासाठी घेताय ते ठरवा

तुम्हाला स्वतःला ओळख करून घ्यायची असेल, तर छोटा संग्रह घ्या, एका एलपीएवढा (एलपी म्हणजे मोठी रेकॉर्ड) किंवा एका सीडीएवढा. घरातल्या मोठ्या माणसांना दिवसभर लावून ठेवायला काहीतरी हवं असेल, तर गोष्ट वेगळी. २०१७ साली बाजारात आलेल्या कारवाँसारख्या पेटीत पाच हजार गाणी भरलेली असतात आणि बटण फिरवलं की झालं. आई-आप्पांसाठी ते उत्तमच. पण पाच हजार गाण्यांना निवड म्हणता येत नाही, तो साठा झाला. शिकायला तो उपयोगी पडत नाही.

२. संग्रह कशाभोवती बांधलाय ते बघा

बाजारातले बहुतेक संग्रह गायकाच्या नावावर असतात, कारण कव्हरवर गायकाचा फोटो खपतो. नवख्या माणसाला मात्र मी संगीतकाराचा, गीतकाराचा किंवा एखाद्या ठरावीक काळाचा संग्रह आधी घ्या असं सांगतो. आशाबाईंचंच बघा. १९३३ साली सांगलीत जन्मलेल्या या गायिकेनं इतक्या संगीतकारांकडे, इतक्या तऱ्हेचं गाऊन ठेवलंय की वीस गाण्यांत त्याचा अंदाजसुद्धा येत नाही. 'आशा हिट्स' नावाच्या संग्रहात भावगीतामागून कॅबरे आणि कॅबरेमागून अभंग येतो आणि कान कुठंच स्थिरावत नाही. त्याऐवजी ओ. पी. नय्यर आणि आशा, किंवा खय्याम आणि आशा असा नेमका संग्रह घेतला, तर एका आवाजाकडून एका संगीतकारानं काय काढून घेतलं ते कळायला लागतं.

मराठीत याचा फार चांगला नमुना म्हणजे पी. सावळाराम यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि मंगेशकर भगिनींचे आवाज. सावळाराम आपल्या वाळवा तालुक्यातल्या येडेनिपाणीचे. या गाण्यांचा संग्रह लावला की दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत चालीची ठेवण ओळखीची वाटायला लागते. कशाभोवती तरी बांधलेला संग्रह असा ऐकू येतो.

काही संग्रह माणसाच्या पसंतीऐवजी नियमावर बांधलेले असतात. २००० साली बीटल्सचा 'वन' आला. नियम असा की ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली गाणी तेवढी घ्यायची. सत्तावीस गाणी झाली. आता १९६७ ची त्यांची एक सिंगल घ्या. तिच्या एका बाजूला 'पेनी लेन', दुसऱ्या बाजूला 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'. 'पेनी लेन' अमेरिकेत पहिलं गेलं म्हणून आत आलं. त्याच तबकडीच्या पाठीवरचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स', जे त्यांच्या सगळ्यात धाडसी गाण्यांत मोजलं जातं, ते बाहेर राहिलं. नियम स्पष्ट सांगितला होता, त्यामुळे यात फसवणूक नाही. पण नियमावर बांधलेला संग्रह घेताना नियमाबाहेर काय राहिलं ते आपलं आपण शोधावं लागतं.

३. मागची बाजू वाचा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून सावकाश सांगतो.

आकाशवाणीवर 'आपली आवड' ऐकत मोठी झालेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. निवेदक गाणं लावण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक आणि चित्रपट किंवा नाटक, सगळं सांगायचा. तीच अपेक्षा संग्रहाकडून ठेवा. मागच्या बाजूवर, किंवा कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर, प्रत्येक गाण्यासमोर निदान एवढं हवं: कोणी गायलं, कोणी लिहिलं, चाल कोणाची, कुठल्या चित्रपटातलं किंवा नाटकातलं आणि मूळ साल. साथीदारांची नावं असतील तर तो संग्रह मनापासून केलाय असं खुशाल समजा.

नाट्यसंगीतात हे जास्तच लागतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो. पण नाट्यगीतांच्या कितीतरी संग्रहांवर पदाची पहिली ओळ आणि गायकाचं नाव, एवढ्यावर काम भागवलेलं असतं. ते पद कुठल्या नाटकातलं, कुठल्या पात्राच्या तोंडचं, गाणारा ते रंगभूमीवर गायचा की पुढं मैफलीत गायला लागला, हे कळल्याशिवाय नवख्याला त्यातलं निम्मं हाती लागत नाही. एकच पद बालगंधर्वांच्या आवाजात वेगळं आणि नंतरच्या पिढीतल्या गवयाच्या आवाजात वेगळं असतं.

लावणीच्या संग्रहांत हाच घोळ असतो. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची अदा करत गायलेली बैठकीची लावणी आणि सुलोचना चव्हाणांची चित्रपटातली ठसकेबाज लावणी, दोन्ही आपापल्या जागी थोर. पण दोन्ही एकाच यादीत, काही न सांगता, एकामागून एक टाकल्या तर नवख्याला बैठकीची लावणी संथ वाटते आणि तो ती पुढं ढकलतो. संग्रह करणाऱ्यानं दोन ओळी लिहिल्या असत्या तर हे टळलं असतं.

सालाबद्दल एक खूण लक्षात ठेवा. मागच्या बाजूला वर्तुळातलं इंग्रजी 'पी' अक्षर आणि पुढं वर्ष छापलेलं असतं. ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं वर्ष. पुष्कळदा तिथं संग्रह निघाल्याचंच साल असतं आणि गाणी त्याच्या तीस-चाळीस वर्षं आधीची असतात. चांगल्या संग्रहात गाण्यांसमोर मूळ वर्षं वेगळी दिलेली असतात.

आणि हे कायद्यातलं: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ए. ध्वनिमुद्रण विकताना त्यावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापाव्या लागतात. मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क असलेल्याचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रसिद्धीचं साल. नुसता कलावंताचा फोटो, 'सुपरहिट', 'सदाबहार' असली विशेषणं आणि खाली पत्ताच नाही, असं पाकीट दिसलं तर ती चोरीची प्रत आहे असं धरून चाला आणि परत ठेवा.

४. हे तेच गाणं आहे का?

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथं फसतो, आणि घरी येऊन लावेपर्यंत कळत नाही. चार प्रकार ओळखायला शिका.

पहिला, दुसऱ्याच्या आवाजातलं गाणं. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन विकायची लाट आली. त्या वेळच्या कायद्यात त्याला वाट होती. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३१सी लागू आहे. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाल्याशिवाय असं करता येत नाही, मूळ गायकाचं नाव किंवा चित्र कव्हरवर वापरता येत नाही आणि हे कव्हर व्हर्जन आहे असं छापावं लागतं. पण आधीचा माल अजून लोकांच्या कपाटांत आणि जुन्या बाजारात भरपूर आहे. कव्हरवर 'यांच्या आठवणी', 'यांना आदरांजली' असे शब्द मोठ्या टायपात आणि प्रत्यक्ष गायकाचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात दिसलं, तर टॉर्च लावून वाचा. नवीन गायकांना यात कमी लेखायचं नाही, त्यांतले काही फार चांगले गातात. पण तुम्ही मूळ गाण्याच्या ओळखीसाठी आलात, तर मूळच घ्या.

दुसरा, त्याच कलावंतानं उतारवयात पुन्हा गायलेलं. नाव तेच, गाणं तेच, आवाज मात्र पंचवीस वर्षांनी थकलेला आणि वाद्यं कीबोर्डवरची. बाहेरच्या देशांतल्या जुन्या बँडच्या स्वस्त संग्रहांत हे फार आढळतं, कारण मूळ मुद्रणाचे हक्क कंपनीकडे अडकलेले असतात. 'नव्यानं ध्वनिमुद्रित' अशी बारीक ओळ शोधा.

तिसरा, वरून चढवलेला ठेका. नव्वदच्या दशकातली 'झंकार बीट्स' लिहिलेली कॅसेट ज्यांनी एसटीत किंवा ट्रॅक्सच्या टपावर ऐकली असेल त्यांना हे सांगायला नको. मूळ गाण्यावर ढोलक आणि घुमारा चढवलेला असतो, त्यात मूळचा तबला बुडून जातो. त्या काळाची आठवण म्हणून कुणाला ते आवडत असेल तर आनंद आहे. पहिली ओळख मात्र त्याच्यातून करून घेऊ नका.

चौथा प्रकार फसवणुकीचा नाही, तरी माहीत हवा. गीतरामायणाचंच उदाहरण घ्या. गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे, त्यामुळे आपल्याकडे ते घरचंच काव्य. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी झाली. तेव्हा गाणारे अनेक होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, स्वतः सुधीर फडके आणि इतरही. पुढं घरोघरी पोचलेल्या रेकॉर्डवर मात्र सगळी पात्रं एकट्या बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजात आहेत. दोन्ही गीतरामायणच. पण दुकानात 'गीतरामायणातली निवडक गाणी' मागितलीत आणि सीतेच्या तोंडचं गाणं बाबूजींच्या आवाजात आलं, तर गोंधळू नका.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. मुखडा ऐकू नका, तो नकलेतसुद्धा चांगला जमलेला असतो. मुखडा आणि पहिल्या अंतऱ्यामधलं म्युझिक ऐका. इअरफोन लावून मोबाइलवर मूळ गाण्याचा तेवढाच तुकडा ऐका आणि मग समोरची प्रत. मूळ मुद्रणात पंधरा-वीस व्हायोलिनचा थवा असतो, बासरी थोडी मागून येते, कुठंतरी मेंडोलिनचा एखादा स्वर हलका निसटलेला असतो. नकलेत तिथं एकच गुळगुळीत आवाज असतो आणि प्रत्येक सूर मोजून मापून आलेला असतो. दोन-तीन गाण्यांवर हे करून बघितलं की कान तयार होतो.

५. काय नाही ते बघा

आता सोबत आणलेली चार-पाच गाण्यांची यादी काढा. त्यातलं एखादं नसेल तर कारण काय असेल?

बहुतेक वेळा कारण हक्काचं असतं. कंपनी आपल्याच तिजोरीतली गाणी वापरते. 'शोले'ची रेकॉर्ड १९७५ साली पॉलिडोरनं काढली होती. त्यामुळे त्या काळच्या एचएमव्हीच्या पंचम-संग्रहात (पंचम म्हणजे आर. डी. बर्मन) 'शोले' शोधत बसण्यात अर्थ नाही. 'सर्वोत्तम पंचम' असं नाव असलं तरी प्रत्यक्षात ते 'आमच्याकडचा सर्वोत्तम पंचम' असतं. ज्या संग्रहात दुसऱ्या कंपनीकडून मागून आणलेलं गाणं असतं आणि खाली 'यांच्या सौजन्यानं' अशी ओळ असते, तिथं करणाऱ्यानं पैसा आणि खटपट खर्च केलेली असते. अशा संग्रहाला माझ्याकडून दोन गुण जास्त.

दुसरं कारण वेळेचं. अमेरिकेत ज्याच्या सगळ्यात जास्त प्रती खपल्या, तो ईगल्स या अमेरिकन बँडचा १९७६ चा संग्रह. २०१८ साली त्याला तीन कोटी ऐंशी लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. त्यात 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही, कारण तो अल्बमच त्या वर्षअखेरीस आला. पण संग्रहाच्या नावातच '१९७१-१९७५' असं लिहिलंय, त्यामुळे कुणी तक्रार करू शकत नाही. नावात वर्षं देणं ही मला फार चांगली सवय वाटते. आपल्याकडच्या कंपन्यांनी ती उचलायला हवी होती.

तिसरं कारण जास्त गंभीर आहे. जमैकाचा गायक बॉब मार्ली १९८१ साली गेला आणि १९८४ मध्ये त्याचा 'लेजंड' आला. फार सुरेख ऐकू येणारा संग्रह आहे आणि जगभर खपला. पण निवड प्रेमाच्या, मनमोकळ्या गाण्यांकडे झुकलेली. अन्यायावर तुटून पडणारा मार्ली त्यात थोडाच सापडतो, त्यामुळे पुष्कळांच्या मनात त्याचं मवाळ चित्र पक्कं बसलं. आपल्याकडे शाहिरांच्या बाबतीत हीच भीती असते. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे महाराष्ट्राला एका गौरवगीतापुरते माहीत असावेत हे मला खटकतं. त्यांची लोकनाट्यं, भारूड, मुक्तनाट्यातली गाणी संग्रहात आहेत का ते बघा. ज्या संग्रहात कलावंताची एकच बाजू दिसते, त्यातली गाणी कितीही गोड असली तरी तो अपुरा.

६. लांबी आणि क्रम

दहा इंची ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं, सीडीवर ७४ ते ८० मिनिटं. हे आकडे डोक्यात ठेवले की दोन गोष्टी कळतात.

एक म्हणजे उगाच दोन डिस्क केल्या आहेत का. बीटल्सचा १९७३ चा लाल कव्हरचा संग्रह दोन एलपींचा होता, त्यात सव्वीस गाणी. १९९३ साली तो सीडीवर आला तेव्हा एकूण वेळ एका सीडीत सहज मावत असूनही दोन सीडी करून, दोनच्या भावात विकला. त्यावर लोक रागावले ते बरोबरच होतं.

दुसरं शास्त्रीय संगीताबद्दल. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला आपलं घर केलं, १९३७ साली ते गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. त्यांच्या रेकॉर्ड ऐकताना तीन मिनिटांत राग संपतो, म्हणून ते एवढंच गात असं समजू नका. मैफलीतला तासाभराचा ऐवज तीन मिनिटांत कसा बसवला, ही त्या रेकॉर्डची खरी कमाल आहे.

क्रम काळाप्रमाणे असलेला मला आवडतो. आवाज कसा बदलत गेला ते कळतं. क्रम मनाच्या लहरीप्रमाणे लावला असेल तरी चालेल, पण लागोपाठ तीन संथ गाणी आणि मग तीन उडती, असं असेल तर त्यावर कुणी विचार केलेला नाही.

७. आवाजाचा कस

संग्रह करताना जुनं मुद्रण साफ करतात. खरखर थोडी कमी करणं चांगलं. जास्त साफ केलं की गाण्याचा जीव जातो. हे ओळखायला तंबोरा ऐका. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जुळवलेल्या तंबोऱ्याची जवारी ज्यानं जवळून ऐकली आहे, त्याला हे लगेच कळेल: तारेचा तो भरून राहणारा गुंजारव अति साफ केलेल्या प्रतीत नाहीसा होतो, कारण यंत्र त्याला खरखर समजून पुसून टाकतं. मागं तंबोरा आहे हे माहीत असून ऐकू येत नसेल, तर त्यापेक्षा खरखरीची प्रत घ्या.

दुसरी चाचणी वेगाची. जुन्या रेकॉर्ड सगळ्याच नेमक्या ७८ च्या वेगानं मुद्रित झालेल्या नाहीत. उतरवून घेताना वेग चुकला तर आवाज बारीक आणि घाईत येतो, किंवा जड आणि ओढलेला येतो. घरात पेटी (हार्मोनियम) असेल तर रेकॉर्डमधल्या पेटीशी सूर लावून बघा. सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी लोंबकळत असेल तर शंका घ्या. जुन्या पेट्यांचं ट्यूनिंग वेगळं असायचं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. त्याच पदाची दुसरी प्रत मिळवून दोन्ही ताडून बघा.

काही जुन्या एलपींवर मोनो मुद्रणाचं कृत्रिम स्टिरिओ केलेलं असतं. उजवीकडून तार आवाज, डावीकडून खर्ज आणि मधे पोकळी. इअरफोनवर एका मिनिटात कळतं. आणि नव्या प्रतींत सगळंच एकसारखं मोठ्यानं केलेलं असतं. हळू गायलेली जागाही तितकीच मोठी. चौथ्या गाण्यापर्यंत डोकं जड झालं तर कारण हेच.

८. जुन्या बाजारातून घेताना: पुराचा माल ओळखा

हे खास सांगलीकरांसाठी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. त्या घरांतल्या रेकॉर्ड, कॅसेट वाळवून पुढं विकल्या गेल्या आहेत. कव्हर बदललेलं असतं, तबकडी तीच असते.

एलपी पाकिटातून काढा, कडेला आणि मधल्या कागदावर हात ठेवून धरा, रेषांना बोट लावू नका. ट्यूबलाइटखाली तिरपी करा. चांगल्या रेकॉर्डवर उजेडाची एक सलग पट्टी फिरते. पुरातल्या रेकॉर्डवर ती पट्टी मधेच मंद होते आणि त्या जागी करडा-तपकिरी पातळ थर दिसतो, मधल्या कागदाजवळ जास्त. तो कागद कडेनं फुगलेला असतो, शाई पसरलेली असते. आतलं कागदी पाकीट उलटं करून झटका. तळाच्या शिवणीतून बारीक वाळलेला गाळ पडला की समजून जा. आणि वास घ्या, ओल लपत नाही.

असा माल घ्यायचाच नाही असं नाही. दुर्मीळ असेल तर घ्या, पण साफ केल्याशिवाय सुई ठेवू नका. गाळ रेषांना आणि सुईला घासून खातो. डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, मऊ कापड, रेषांच्या दिशेनं गोल पुसायचं, मधला कागद कोरडा ठेवायचा, पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसायचं आणि सावलीत उभी वाळवायची. उन्हात ठेवली तर वाकते. ७८ ची रेकॉर्ड लाखेची असते. तिला स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. आणि तिला एलपीची सुई चालत नाही, जाड टोकाची वेगळी लागते.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ठेवून द्या, प्लेअरही बिघडेल. सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीनं टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर आतला थर गेलाय.

पैसे देण्याआधी वाजवून दाखवायला सांगा. विकणारा कुरकुरला तरी चालेल.

९. मोबाइलवर आणि पेन ड्राइव्हवर

मोबाइलवर एकाच गाण्याच्या चार-चार प्रती असतात, वेगवेगळ्या संग्रहांतून आलेल्या, आणि पुढं दिसणारं साल बहुतेकदा संग्रहाचं असतं. तीस सेकंद प्रत्येकी ऐकून उत्तम वाटेल ती आपल्या यादीत घ्या. वरची चौथी पायरी इथंही जशीच्या तशी लागू आहे. 'पाचशे सदाबहार गाणी' भरून मिळणारे पेन ड्राइव्ह घेऊ नका. एक तर त्यात हक्काचा पत्ता नसतो, आणि गाण्यांची नावं इतकी चुकीची असतात की शिकण्याऐवजी चुकीचंच पाठ होतं.

१०. घरी आल्यावर

आठवडाभर पूर्ण संग्रह क्रमानं ऐका, गाणी वगळू नका. नंतर ज्या दोन-तीन गाण्यांकडे पुन्हा पुन्हा वळता ती वहीत लिहा आणि मागच्या बाजूवरून त्यांचा मूळ ठिकाणा काढा. चित्रपटातलं असेल तर त्या चित्रपटाची सगळी गाणी ऐका. चाल आवडली असेल तर पुढचा संग्रह त्या संगीतकाराचा घ्या. नाट्यपद असेल तर आधी नाटकाचं पुस्तक नगरवाचनालयातून आणून तो प्रवेश वाचा, मग पद पुन्हा लावा. गीतरामायणातलं एखादं मनात बसलं असेल तर निवडक गाणी बाजूला ठेवून पहिल्यापासून छप्पन्नाव्यापर्यंत क्रमानं ऐका, एका बैठकीत नव्हे, मूळ प्रसारणासारखं आठवड्याला एक. वर्षभर पुरेल.